पैसे पोचले काय? फोनवरील देवघेव आणि ग्राहकाचे समाधान

पूर्वी बडोदे, इंदूर, हैदराबाद यांसारख्या शहरांतील पेढीवरून परगावी रक्कम धाडावयाची तर हुंडी लिहीत. दर्शनी हुंडी दाखविताच पटे, मुदती हुंडी मुदत भरल्यावर पटे. हुंडी वाटेत गहाळ झाली, तर पेढीवाला तिची दुसरी प्रत, म्हणजे पेठ, देई. तीही हरवली तर परपेठ देई. लोकांच्या हुंडीवरील विश्वासाचे एक मर्म या पेठ-परपेठेत होते. रक्कम न पोचल्यास पुढे काय करावयाचे, हे आधीच ठरलेले असे. आज फोनवरून पैसे पाठविणाऱ्याचे समाधानही मुख्यतः याच कसोटीवर ठरते, असे आमचे मत आहे.

समाधान म्हणजे तरी काय? रिचर्ड ऑलिव्हर या अमेरिकन अभ्यासकाने १९८० साली त्याची मांडणी केली. मनुष्य काही अपेक्षा धरून सेवा घेतो, पदरात पडते ते त्या अपेक्षेशी ताडून पाहतो आणि त्यातून समाधान वा असमाधान उपजते. म्हणूनच बँकेच्या रांगेत उभे राहिलेल्यास फोनवरील देवघेव नवलाची वाटते, तर तिची सवय झालेल्यास अर्ध्या मिनिटाचा विलंबही खटकतो.

या बाबतीत आफ्रिकेतील केनिया देशाचे उदाहरण बोधप्रद आहे. तेथे मार्च २००७ मध्ये सफारीकॉम कंपनीने 'एम-पेसा' सुरू केली. यातील 'पेसा' हा स्वाहिली शब्द आपल्या 'पैसा'चाच भाऊ होय. तेथे अनेकांचे बँकेत खाते नव्हते. शहरात कमावणारा मुलगा गावी पैसे पाठवी तो ओळखीच्या माणसाहाती किंवा बसगाडीवाल्याबरोबर. नव्या सोयीत कोपऱ्यावरचा दुकानदारच रोख घेऊन ती फोनवर जमा करी, आणि गावाकडचा दुसरा दुकानदार तितकी रोख देई. दुकानदार ओळखीचा असल्याने लोकांची भीड चेपली. तथापि एक आकडा चुकला की रक्कम परक्याकडे जाई. पुढे पाठविण्यापूर्वी घेणाराचे नाव दाखविणारी सोय आली. तिचे नाव 'हाकिकिशा', म्हणजे 'खात्री करा'.

आपल्या देशात नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन या मुंबईच्या संस्थेने एप्रिल २०१६ मध्ये यूपीआयची योजना पुढे आणली. ऑगस्ट २०२३ या एका महिन्यात तिच्यावरील व्यवहार १००० कोटींच्या वर गेले. साध्या फोनवाल्यांसाठीही मार्च २०२२ मध्ये वेगळी सोय निघाली.

परंतु खात्यातून रक्कम वजा झाली आणि पुढे पोचलीच नाही, तर काय? परीक्षेच्या फीची शेवटची तारीख असलेल्या विद्यार्थ्यास हा प्रश्न जीवघेणा असतो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये याचे नियम घातले. व्यक्तीने व्यक्तीस पाठविलेली रक्कम अडकल्यास ती दुसऱ्या दिवसापर्यंत, आणि दुकानदारास दिलेली पाच दिवसांत, परत जमा झाली पाहिजे. पुढे विलंब झाल्यास ग्राहकास दररोज १०० रुपये भरपाई, आणि तीही तक्रारीची वाट न पाहता. ही आजच्या काळातील पेठच म्हणावयाची!

मात्र हा नियम यंत्रणेच्या बिघाडापुरताच आहे. आपण होऊन चुकीच्या माणसास पाठविलेली किंवा भामट्याने फसवून नेलेली रक्कम त्यात येत नाही. 'पैसे घेण्यासाठी पिन दाबा' असे सांगून अनेक वृद्धांची शिल्लक लुबाडली गेली आहे. वस्तुतः पैसे घेण्यास पिन कधीच लागत नाही; तो केवळ देण्यासाठी आणि शिल्लक पाहण्यासाठी असतो. अशा फसवणुकीस उपयोगी पडणारी, एका व्यक्तीने दुसऱ्याकडे यूपीआयवरून रक्कम मागण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली. तरीही फसगत झालीच, तर संकोच न करता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे व बँकेसही सांगावे. जितका उशीर, तितकी रक्कम दूर जाते.

न्यासाची वर्गणी, देणगी, शिष्यवृत्ती अशीच येते-जाते. तेव्हा सभासद बंधुभगिनींना आमची विनंती आहे की, पाठविण्यापूर्वी पडद्यावरील नाव वाचावे, व्यवहाराचा क्रमांक जपून ठेवावा, आणि रक्कम अडकलेली दिसल्यास घाईने दुसऱ्यांदा पाठवू नये. न्यासाच्या कार्यकर्त्यांचेही एक कर्तव्य आहे. ज्या आजीआजोबांस फोन जमत नाही, त्यांची वर्गणी रोख घेऊन पावती हाती द्यावी; आणि ज्यांना शिकण्याची हौस आहे, त्यांच्याजवळ घरातील नातवाने अर्धा तास बसून पहिला रुपया त्यांच्याच हाताने पाठवून घ्यावा. पैसे पोचल्याचा निरोप त्यांनी स्वतः वाचला म्हणजे निम्मी भीती तेथेच जाते.