चुंबकाने नैराश्य बरे होते काय?

शीर्षक वाचून तुमच्यापैकी काहींना हसू आले असेल. चुंबकाची कडी, चुंबकाचे पट्टे, चुंबक ठेवून ‘भारलेले’ पाणी विकणारे लोक तुम्ही जत्रेत किंवा बसस्थानकावर पाहिले असतील. सांधेदुखीपासून निद्रानाशापर्यंत सारे काही त्याने बरे होते, असे ते छातीठोकपणे सांगतात. भौतिकशास्त्र शिकवणारा माणूस अशा वस्तूंची भलामण करू लागला, तर वाचकाने खुशाल पान उलटावे. पण जरा थांबा. दहावीच्या वहीत ज्या प्रयोगाची कृती तुम्ही लिहून काढली आहे, त्याच प्रयोगाच्या आधारावर नैराश्याच्या आजारावरचा एक उपचार आज अनेक देशांतल्या रुग्णालयांत केला जातो. त्यात गोळी नाही, इंजेक्शन नाही, भूल नाही. चुंबकाचे कडे निरुपयोगी का आणि हा उपचार खरा का, याचे उत्तरही त्याच प्रयोगात आहे.

आधी आजाराविषयी थोडेसे. परीक्षेत गुण कमी पडले, जिवलग मित्र दुरावला, घरात कोणी वारले, तर मन खिन्न होते. ते दुःख आहे, आजार नव्हे. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ, दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास राहते. खेळ, गाणे, गप्पा यांतला रस आटतो. झोप आणि भूक बिघडते. वाचलेले डोक्यात शिरत नाही. आपण कुचकामाचे आहोत असे वाटत राहते. कधी जगणेच नको होते. अशी बरीच लक्षणे एकत्र दिसू लागली, की त्याला नैराश्याचा आजार म्हणतात. अशा माणसाला “मन खंबीर कर” असे सांगणे म्हणजे हिवताप झालेल्याला “कुडकुडू नकोस” असे सांगण्यासारखेच आहे. आपल्या देशात २०१५-१६ साली झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत असे दिसले की, दर वीस प्रौढांपैकी सुमारे एकाला आयुष्यात कधी ना कधी हा आजार होतो. म्हणजे साठ जणांचा तुमचा वर्ग मोठा होईल, तेव्हा त्यांतले तिघे तरी या वाटेने गेलेले असतील.

या आजारावर औषधे आहेत, आणि ती असंख्य लोकांना उपयोगी पडली आहेत. परंतु सर्वांना नाही. अमेरिकेत हजारो रुग्णांवर केलेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. पहिल्या औषधाने लक्षणे जवळजवळ नाहीशी झाली, असे रुग्ण एक तृतीयांशाच्या आसपासच होते. उरलेल्यांना दुसरे, मग तिसरे औषध द्यावे लागले, आणि दर पायरीला यश कमी कमी होत गेले. औषधांखेरीज दुसरी वाट शोधण्याची निकड इथे आहे.

आता प्रयोगशाळेत चला. तांब्याच्या तारेचे वेटोळे घ्या. त्याची टोके गॅल्व्हनोमीटरला जोडा. पट्टीचुंबक वेटोळ्यात नुसता ठेवला, तर काटा हलत नाही. चुंबक झर्रकन आत ढकलला की काटा एका बाजूला हलतो. बाहेर ओढला की दुसऱ्या बाजूला. चुंबक जितका वेगाने हलवावा, तितका काटा जास्त हलतो. मायकेल फॅरडे यांना हे १८३१ साली दिसले. यालाच आपण विद्युतचुंबकीय प्रवर्तन म्हणतो. यातला कळीचा शब्द ‘बदल’ हा आहे. चुंबकीय क्षेत्र किती तीव्र आहे याला इथे महत्त्व नाही, ते किती झपाट्याने बदलते याला आहे. स्थिर चुंबकाने प्रवर्तित होणारा प्रवाह शून्य.

आणि वेटोळे तांब्याचेच हवे असेही नाही. विद्युतवाहक असले म्हणजे झाले. मेंदू हा खारट द्रवाने भिजलेला, बऱ्यापैकी विद्युतवाहक पदार्थ आहे. मग डोक्याजवळ चुंबकीय क्षेत्र झपाट्याने बदलले, तर मेंदूत प्रवाह वाहील काय?

हा प्रश्न नवा नाही. तुमच्या प्रयोगशाळेतल्या गॅल्व्हनोमीटरशी ज्यांचे नाव जोडलेले आहे, त्या फ्रान्समधील दार्सोंव्हाल यांनी १८९६ साली एका मोठ्या वेटोळ्यातून प्रत्यावर्ती प्रवाह सोडून त्यात माणसाचे डोके ठेवले. त्या माणसाला डोळ्यांपुढे उजेड लुकलुकताना दिसला! पण तो परिणाम मेंदूवरचा नसून डोळ्याच्या आतल्या पडद्यावरचा असावा. मेंदू चेतवण्याइतका झपाट्याचा बदल घडवून आणणारी साधने त्या काळी नव्हती.

तुम्ही विचाराल, एवढा उपद्व्याप कशाला? सरळ डोक्याला तारा लावून वीज सोडावी! तसे झालेही आहे. १९८० साली लंडनमध्ये मर्टन आणि मॉर्टन यांनी कवटीवरून विजेचा झटका देऊन मेंदूचा हालचालींचा भाग चेतवला आणि हाताचे स्नायू आकसले. पण अडचण अशी की, कवटीचे हाड विजेला मोठा रोध करते. त्यामुळे बहुतेक प्रवाह कवटीच्या वरून, डोक्याच्या कातडीतूनच पळतो आणि माणूस कळवळतो. चुंबकीय क्षेत्राला मात्र हाडाची काहीच तमा नाही. त्याच्या दृष्टीने हाड आणि हवा जवळजवळ सारखीच. क्षेत्र कवटीतून आरपार जाते आणि पलीकडे, मेंदूत, वीज निर्माण करते. विजेला भिंत ओलांडता येत नसेल, तर पलीकडेच वीज तयार करायची! इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली हे करून दाखवले. वेटोळे डोक्यावर धरले, ‘टक्’ असा आवाज झाला आणि समोरच्या माणसाच्या हाताचे स्नायू आपोआप आकसले. वेदना जवळजवळ नाहीच.

थोडे गणित करू. या यंत्रात एक मोठे धारित्र असते. ते विद्युतभारित करून वेटोळ्यातून एकदम रिकामे करतात. क्षणभर काही हजार अँपिअर प्रवाह वाहतो. (घरातल्या शेगडीच्या प्लगमधून पंधरा-सोळा अँपिअर वाहतात, हे लक्षात घ्या.) वेटोळ्याजवळचे क्षेत्र सेकंदाच्या सुमारे दहा हजाराव्या भागात शून्यापासून २ टेस्लापर्यंत चढते. म्हणजे बदलाचा दर झाला सेकंदाला २०,००० टेस्ला. आता वेटोळ्याखाली २ सेंटिमीटर त्रिज्येचे एक वर्तुळ कल्पा. त्याच्या क्षेत्रफळाला बदलाच्या दराने गुणले की, वर्तुळाभोवतीचे एकूण विद्युतचालक बल मिळते. त्याला परिघाने भागले की दर मीटरमागचे व्होल्ट मिळतात. क्षेत्रफळ भागिले परीघ म्हणजे त्रिज्येच्या निम्मे, अर्थात ०.०१ मीटर. त्याला २०,००० ने गुणा. उत्तर : मीटरला २०० व्होल्ट. वेटोळ्यापासून दूर जाताना क्षेत्र वेगाने क्षीण होते. म्हणून मेंदूच्या पृष्ठभागापर्यंत यातले निम्मे, म्हणजे मीटरला शंभरेक व्होल्ट पोचतात असे धरू. मज्जापेशीच्या आतल्या व बाहेरच्या बाजूंत जेमतेम ७० मिलिव्होल्टचा फरक असतो आणि त्यात थोडासा बदल झाला तरी पेशी संदेश सोडते. तेव्हा तिला चेतवायला हे पुरते.

आता तेच गणित चुंबकाच्या कड्यासाठी करा. कडे मनगटावर स्थिर, म्हणून बदलाचा दर शून्य. समजा, ०.१ टेस्लाचा चांगला चुंबक घेऊन तुम्ही तो डोक्याजवळ जोराने हलवलात आणि सेकंदाच्या दहाव्या भागात क्षेत्र पूर्ण बदलले, तरी दर होतो सेकंदाला १ टेस्ला. वीस हजार पटींनी कमी! पुढच्या जत्रेत विक्रेत्याला एवढाच प्रश्न विचारा.

साध्या गोल वेटोळ्याने मेंदूचा फार मोठा भाग एकाच वेळी चेतवला जातो. त्यावर जपानमधील उएनो आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली नामी तोड काढली. दोन वेटोळी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी शेजारी ठेवायची आणि त्यांत प्रवाह एकमेकांच्या उलट दिशांनी फिरवायचा. मग आठाच्या कमरेपाशी दोन्हींचे परिणाम एकमेकांत मिळतात आणि नेमकी जागा गाठता येते. पण दोन-तीन सेंटिमीटरच्या खाली या उपचाराचा जोर पोचत नाही. ही त्याची मोठी मर्यादा आहे.

याचा नैराश्याशी संबंध काय? कपाळाच्या वर, डाव्या बाजूला, मोठ्या मेंदूचा एक भाग आहे. बेत आखणे, लक्ष देणे, भावनांना आवर घालणे यांत त्याचा वाटा असतो. नैराश्याच्या रुग्णांत हा भाग मंदावलेला असतो, असे मेंदूच्या प्रतिमांवरून अनेकांना आढळले होते. हा भाग पृष्ठभागावर असल्याने वेटोळ्याच्या आटोक्यातला आहे आणि त्याचे धागेदोरे खोलवरच्या, भावनांशी संबंधित भागांपर्यंत गेलेले आहेत. अमेरिकेत मार्क जॉर्ज यांनी १९९५ साली काही मोजक्या रुग्णांवर तिथे रोज स्पंद देऊन पाहिले. त्यांच्यात सुधारणा दिसल्या. पुढे मोठ्या चाचण्या झाल्या आणि २००८ साली अमेरिकी औषध प्रशासनाने या उपचाराला परवानगी दिली.

प्रत्यक्षात काय करतात ते मोठे गमतीचे आहे. प्रत्येकाची कवटी वेगळी, तेव्हा मात्रा कशी ठरवायची? डॉक्टर वेटोळे आधी डाव्या बाजूच्या हालचालींच्या भागावर धरतात आणि स्पंदाचा जोर हळूहळू वाढवतात. ज्या जोराला उजव्या हाताचा अंगठा उडू लागतो, तो त्या माणसाचा उंबरठा. मग वेटोळे पुढे सरकवून त्याच्या १२० टक्के जोराने उपचार करतात. सेकंदाला १० स्पंद, असे ४ सेकंद. मग २६ सेकंद विश्रांती. एका बैठकीत ३,००० स्पंद. बैठक किती वेळाची झाली? हिशेब करून पाहा : साडेसदतीस मिनिटे. आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे. रुग्ण जागा असतो, खुर्चीत बसलेला असतो, आणि नंतर स्वतःच्या पायांनी घरी जातो. कानांत बोळे मात्र घालावे लागतात. कारण एवढ्या प्रवाहामुळे वेटोळ्याच्या तारांवर जबरदस्त बल येते आणि दर स्पंदाला टकटक आवाज होतो. डोके दुखणे, कातडीला टोचल्यासारखे होणे हे नेहमीचे त्रास. क्वचित एखाद्याला आकडी येऊ शकते. डोक्यात धातूची क्लिप किंवा कानात बसवलेले श्रवणयंत्र असेल, तर हा उपचार करत नाहीत.

(जुन्या चित्रपटांतल्या ‘शॉक’शी याची गल्लत करू नका. तो उपचार १९३८ साली रोममध्ये सुरू झाला. त्यात मुद्दाम आकडी आणतात. आता तो भूल देऊन, स्नायू शिथिल करूनच करतात आणि अतितीव्र नैराश्यात तो आजही फार प्रभावी आहे. चित्रपटांनी त्याची नाहक बदनामी केली, असे माझे मत आहे.)

आता खरा प्रश्न. गुण येतो तो वेटोळ्याचा, की रोज रुग्णालयात जाण्याचा, आपुलकीच्या चौकशीचा, मोठ्या यंत्राच्या रुबाबाचा? हे ठरवण्यासाठी खोटे वेटोळे बनवतात. तेही टकटक वाजते, कातडीला टोचल्यासारखे करते, पण मेंदूपर्यंत क्षेत्र पोचू देत नाही. कोणाला खरे आणि कोणाला खोटे, हे रुग्णालाही ठाऊक नसते आणि तपासणाऱ्यालाही. २०१० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अशा एका चाचणीत १९० रुग्ण होते. खऱ्या वेटोळ्याने लक्षणे जवळजवळ नाहीशी झालेले रुग्ण १४ टक्के होते आणि खोट्याने ५ टक्के. फरक खरा होता, पण जादू नव्हती. चुंबकाच्या कड्यांची अशी परीक्षा विक्रेते कधी घेत नाहीत.

पुढे स्पंदांची लय बदलून पाहिली. तीन-तीन स्पंदांचे झुबके सेकंदाला पाच वेळा दिले, तर ६०० स्पंदांत, म्हणजे तीन मिनिटांत बैठक संपते. कॅनडात ४१४ रुग्णांवर दोन्ही पद्धतींची तुलना झाली. २०१८ सालच्या त्या निष्कर्षांनुसार तीन मिनिटांची बैठक साडेसदतीस मिनिटांच्या बैठकीहून कमी ठरली नाही. एका यंत्रावर दिवसाला कितीतरी अधिक रुग्ण पाहता येतात, हा याचा मोठा फायदा. अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे रोज दहा बैठका देऊन पाच दिवसांत उपचार उरकण्याची पद्धत निघाली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या चाचणीत खऱ्या उपचाराने चार आठवड्यांच्या आत ७९ टक्के रुग्णांची लक्षणे जवळजवळ नाहीशी झाली, खोट्याने १३ टक्क्यांची. आकडे डोळे दिपवणारे आहेत. पण रुग्ण किती होते? अवघे एकोणतीस. वर्तमानपत्रातली टक्केवारी वाचताना मी विद्यार्थ्यांना नेहमी विचारतो, ‘कितींपैकी?’

आणि प्रत्येक वाटेला यंत्र लागतेच असे नाही. आपल्या शेजारच्या गोव्यात, प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये, विक्रम पटेल आणि ‘संगत’ या संस्थेने एक प्रयोग केला. डॉक्टर नसलेल्या, पण काही आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक माणसांनी रुग्णांशी सहा ते आठ बैठकांत बोलायचे. नैराश्याने माणूस कामे टाळतो, टाळल्याने आणखी खचतो. हे चक्र तोडण्यासाठी दिवसातली छोटी छोटी कामे ठरवायची, ती पार पाडायची, अडचणी सोडवायच्या. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत जवळजवळ पाचशे रुग्ण होते. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के रुग्ण आजाराच्या पकडीतून सुटले होते; फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. (हे आकडे वरच्या १४ टक्क्यांशी ताडून पाहू नका. तिथे औषधांनी गुण न आलेले रुग्ण होते, इथले रुग्ण वेगळे.) वेटोळ्याचे यंत्र मोठ्या शहरांतच सापडते, आरोग्य केंद्र तालुक्यातालुक्यात आहे. भौतिकशास्त्रावर माझे प्रेम असले, तरी हा फरक मला फार मोठा वाटतो.

तुमच्या वयाच्या मुलांसाठी पहिली पायरी बोलण्याचीच आहे : घरचे मोठे माणूस, विश्वासातले शिक्षक, मग डॉक्टर किंवा समुपदेशक. कोणाची औषधे चालू असतील, तर हा लेख वाचून ती आपल्या मनाने बंद करू नयेत. भारत सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा २०२२ सालच्या ऑक्टोबरपासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६. तो फुकट आहे, रात्रंदिवस चालतो आणि तिथे मराठीतून बोलता येते. शिक्षकांनी तो वर्गाच्या फलकावर एका कोपऱ्यात लिहून ठेवावा आणि पुसू नये.