पाच बोटांचा देव

‘द सिम्प्सन्स’ या अमेरिकी ॲनिमेशन मालिकेतील माणसांच्या हाताला चारच बोटे असतात. एक बोट कमी काढले की चित्रकाराचे श्रम वाचतात, ही कार्टूनच्या धंद्यातील जुनी युक्ती. पण १९९२ साली होमर सिम्प्सनच्या स्वप्नात देव आला तो पाच बोटे घेऊन. धर्माची यथेच्छ टिंगल करणाऱ्या या मालिकेचा देवाशी व्यवहार कसा आहे, ते त्या एका जादा बोटावरून कळते. थट्टा होते ती भक्तांची आणि पाद्र्यांची. देवाची सहसा नाही.

मॅट ग्रेनिंग यांची ही मालिका फॉक्स वाहिनीवर १७ डिसेंबर १९८९ रोजी सुरू झाली, तीही नाताळच्या भागाने. स्प्रिंगफील्ड गावातील होमर, मार्ज आणि त्यांची तीन मुले रविवारी चर्चला जातात, जेवणाआधी प्रार्थना म्हणतात. अमेरिकी विनोदी मालिकांतील कुटुंबे इतकी देवाधर्माची क्वचितच असत. तरीही जानेवारी १९९२मध्ये राष्ट्राध्यक्ष थोरले बुश यांनी अमेरिकी कुटुंबांनी सिम्प्सन्सपेक्षा वॉल्टन्ससारखे व्हावे, असा उपदेश केला. ‘द वॉल्टन्स’ ही मंदीच्या काळातील सोज्वळ खेडवळ कुटुंबाची मालिका. समोर बसलेले श्रोते होते धार्मिक कार्यक्रमांचे प्रसारक!

गावचे पाद्री टिमथी लव्हजॉय ‘प्रेसबिल्युथेरन’ पंथाचे. प्रेस्बिटेरियन आणि ल्युथेरन या दोन खऱ्या पंथांची ही खिचडी. अमेरिकेत प्रॉटेस्टंटांचे पंथ-उपपंथ एवढे, की असाही एखादा असेल असे वाटून जावे. लव्हजॉय यांच्या प्रवचनात मंडळी पेंगतात आणि खुद्द पाद्रीबाबांचा जीव खेळण्यातल्या आगगाड्यांत. त्यांना सर्वांत जास्त छळतो तो गावातला सर्वांत श्रद्धाळू माणूस, नेड फ्लँडर्स. बारीकसारीक पापशंका घेऊन तो वेळी-अवेळी फोन करतो. १९९६च्या एका भागात वादळ येते आणि नेमके याचेच घर जमीनदोस्त करते. निष्पाप असूनही संकटांनी घेरलेल्या बायबलमधल्या ईयोबाची कथा ठाऊक असलेल्याला त्यातली मेख लगेच कळते. इतरांना एका भल्या माणसाची फरफट दिसते. या मालिकेतले संदर्भ असे दुहेरी चालतात.

जॉर्ज मेयर यांनी लिहिलेला तो १९९२चा भाग या सगळ्याचा कळस आहे. कडाक्याच्या थंडीत होमर चर्चला दांडी मारतो, त्याचा दिवस झकास जातो, आणि प्रवचने कंटाळवाणी असतात हे स्वप्नातला देवही मान्य करतो. पुढच्या एका रविवारी चिरूट ओढता ओढता होमरला झोप लागते आणि घर पेटते. आगीत शिरून त्याला ओढून काढतो तो फ्लँडर्स. आग विझवणाऱ्यांत ज्यू विदूषक क्रस्टी असतो आणि हिंदू दुकानदार अपूही. हा देवाचा सूड, असे होमर म्हणतो. लव्हजॉय सांगतात, देव धावून आलेल्या या शेजाऱ्यांच्या मनात होता. पण धर्मांची नावे घेताना ते अपूला ‘इतर’ या खात्यात टाकतात, तेव्हा हिंदू सत्तर कोटी आहेत, हे अपू त्यांना सुनावतो.

क्रस्टीची कथा १९९१ची. तो रब्बीचा, म्हणजे ज्यू धर्मगुरूचा, मुलगा. विदूषक झाला म्हणून बापाने त्याला टाकलेले. कथानक ‘द जॅझ सिंगर’ या १९२७च्या चित्रपटावर बेतलेले. लेखकांनी रब्बींचा सल्ला घेतला होता, आणि बापाला आवाज दिलेले जॅकी मेसन स्वतः दीक्षित रब्बी होते. होमरची मुले बार्ट आणि लिसा धर्मग्रंथांतले दाखले देऊन क्रस्टीच्या बापाशी वाद घालतात. त्याला विरघळवते मात्र ज्यू धर्म स्वीकारलेल्या सॅमी डेव्हिस ज्युनियर या गायक-नटाचे वचन. वादविवादाची ही परंपरा आतून माहीत असल्याशिवाय असा विनोद सुचत नाही.

कॅथलिकांनाही मालिका परकी वाटली नाही. होमर आणि बार्ट कॅथलिक धर्माकडे ओढले जातात, असा भाग २००५मध्ये आला होता. २०१०मध्ये व्हॅटिकनच्या ‘लोस्सेर्व्हातोरे रोमानो’ या दैनिकाने त्या दोघांना चक्क कॅथलिक ठरवले. निर्मातेच चकित झाले.

हिंदू धर्माच्या वाट्याला मात्र ही जाण आली नाही. आगीच्या त्याच भागात अपूच्या दुकानातल्या गणपतीला होमर शेंगदाणा देऊ करतो आणि अपू त्याला अडवतो. १९९७मध्ये अपूचे लग्न मोडायला होमर गणपतीचे सोंग घेऊन मांडवात शिरतो. घरोघरी गणपती बसवणाऱ्या मराठी प्रेक्षकाला थट्टेचे वावडे नसते. खटकते ते असे की यात सोंडेपलीकडचा गणपती कोणाला माहीत असल्याचे दिसत नाही. अपूचे आडनावही ‘नहासापीमापेटिलन’, कोणत्याच भारतीय भाषेत न बसणारे. त्याला आवाज देणारे हँक अझारिया भारतीय वंशाचे नव्हते. भारतीय वंशाचे विनोदकार हरी कोंडाबोलू यांनी २०१७च्या माहितीपटात यावर बोट ठेवले आणि जानेवारी २०२०मध्ये अझारिया यांनी ही भूमिका सोडल्याचे जाहीर केले. अपू आजही स्प्रिंगफील्डच्या गर्दीत अधूनमधून दिसतो, पण बोलत नाही.