सांधा सुटला आणि सुळका उतरला

आधी हाताला मुंग्या येतात. मग शर्टाची बटणं लावता येईनाशी होतात, चालताना तोल जातो. मान मात्र लहानपणापासूनच आखूड, जराशी कलती. अशा रुग्णाच्या मानेतल्या दुसऱ्या मणक्याचा सुळका वर कवटीत घुसून मेंदूच्या बुंध्यावर दाबत असतो.

इथली हाडं जन्मतःच जखडलेली, ती हलायची नाहीत, असं जगभर मानलं जाई. मग तोंडातून, घशाच्या मागच्या भिंतीतून शिरून सुळकाच काढायचा, नाहीतर कवटीच्या मागचं हाड काढून जागा करायची. परळच्या केईएम रुग्णालयातले न्यूरोसर्जन डॉ. अतुल गोयलही तेच करत होते. १९९८ साली त्यांनी सहकाऱ्यांसह अशा १९० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तो याच वाटेवरचा.

खरं तर तोवर दुसरी वाट त्यांच्या हाताखालून गेली होती. पहिले दोन मणके निखळले, तर दोन्ही बाजूंना पट्टी आणि स्क्रू बसवून ते सांधायची पद्धत त्यांनी सहकारी डॉ. लाहेरींसोबत १९९४ मध्येच मांडली होती. तिच्यासाठी थेट सांध्यापर्यंत पोचावं लागतं, आणि ती जागा भल्याभल्यांना घाम फोडणारी. वर शिरांचं जाळं, जरा धक्का लागला की सगळं रक्ताने भरतं. बाजूलाच मेंदूला रक्त नेणारी धमनी. आडवी येणारी मज्जातंतूची गाठ गोयल कापतात. डोक्याच्या मागे थोडा बधिरपणा राहतो, पण सांधा उघडा पडतो.

आणि तिथेच जुना समज कोसळला. अनेक रुग्णांत सांधा जखडलेला नव्हताच. तो तिरपा होता, घसरत होता! त्यात चपटी पटाशी आडवी सरकवून उभी फिरवली की फट रुंदावते, कवटी वर उचलली जाते, सुळका खाली येतो. फटीत धातूचे ठोकळे आणि कमरेचं हाड भरायचं, वर पट्टी-स्क्रू. २००४ मध्ये गोयलांनी हे प्रसिद्ध केलं. घशाला हातही लावायचा नाही, ही मला यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

गोयलांच्या १९९४ च्या पद्धतीत जर्मनीच्या हार्म्स यांनी २००१ मध्ये पट्टीऐवजी सळ्या वापरल्या. आज ती गोयल-हार्म्स पद्धत म्हणून ओळखली जाते.

लहान मेंदूचा भाग खाली उतरण्याच्या किआरी विकारामागेही याच सांध्याची अस्थिरता असते, असं गोयलांनी २०१५ मध्ये ६५ रुग्णांच्या आधारे मांडलं. अनेक सर्जनांना ते पटलेलं नाही.