बाटलीवरची आजी: हाताने काढा, शाईने पक्की करा



लोटे एमआयडीसीत कामाला येणारी माणसं आणि मुंबई-गोवा हायवेवरचे प्रवासी, दोन्ही गिऱ्हाइकं तुमच्या दारावरून जातात. कोकम सरबत तर सगळ्यांकडेच असतं. मग पुढच्या खेपेला त्यांनी तुमचीच बाटली का मागावी? नाव लक्षात राहत नाही हो, पण “ती आजीचं चित्र असलेली द्या” असं माणूस सहज म्हणतो.

एशियन पेंट्सचा गट्टू आठवतोय? 1942 साली मुंबईत चार मित्रांनी गॅरेजमध्ये सुरू केलेली ही कंपनी. 1954 साली तिच्यासाठी आर. के. लक्ष्मण यांनी एक खट्याळ पोरगा काढला. कपाळावर झुलपं, हातात ब्रश आणि रंगाचा डबा, बस्स. त्याचं नावसुद्धा लोकांकडून स्पर्धेतून मागवलं. कंपनीचं नाव वाचता न येणाराही त्या पोराकडे बोट दाखवू शकत होता.

आता कामाचं बोलू. कागद जाड कार्ट्रिज घ्या, झेरॉक्सच्या कागदावर शाई फुटते. लेबलवर चित्र दीड इंच हवं असेल तर कागदावर सहा इंच काढा. आधी 2एच पेन्सिलने, हलक्या हाताने: डोक्याचा गोल, पाठीचा बाक, मग हात. दाबून काढलंत तर खाच पडते आणि खोडल्यावरही ती दिसते.

शाई काळी, वॉटरप्रूफ. बाहेरची रेघ 2 नंबरच्या ब्रशने, डोळे आणि बोटं टाकाने. ब्रशचं नुसतं टोक टेकवून सुरुवात करा, मध्ये थोडा दाबा, शेवटी अलगद उचला. रेघ बारीक-जाड-बारीक आली की चित्र जिवंत वाटतं. हनुवटीखाली, पदराखाली, जिथे सावली पडते तिथे रेघ जाड ठेवा. उजव्या हाताने काढत असाल तर डावीकडून वरून सुरू करा, नाहीतर मनगट ओल्या शाईवरून फिरतं. आणि हो, आपल्या पावसाळ्यात कागद सादळतो, शाई वाळता वाळत नाही. खोडरबर दुसऱ्या दिवशीच लावा!

माझ्या पहिल्या लेबलवर मी आजीच्या गालांवर सुरकुत्यांच्या बारीक रेघा मोठ्या हौसेने काढल्या होत्या. कागदावर झकास! छापताना चित्र लहान झालं, रेघा एकमेकींत मिसळल्या आणि आजीला चक्क दाढी आली. हजार लेबलं रद्दीत. चूक छापणाऱ्याची नव्हती, माझीच.

म्हणून छापायच्या आधी चित्र झेरॉक्सवाल्याकडे न्या, 25 टक्क्यांवर कमी करून घ्या आणि घरच्या कोणाला तरी चार हातांवरून दाखवा. “ही कोण?” याचं उत्तर पटकन आलं नाही तर रेघा कमी करा. सुरकुत्या तीन पुरतात. मगच 600 डीपीआयवर स्कॅन.

स्वतःला जमत नसेल तर खेड-चिपळूणच्या एखाद्या चित्रकाराकडून पैसे देऊन काढून घ्या, पण हक्क लेखी, सहीनिशी घ्या आणि त्यात मुदत लिहा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क देण्याच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षंच धरतात. म्हणजे बाटलीचं नाव होईपर्यंत आजी परत चित्रकाराकडे!

मूळ चित्र घडी न घालता जपून ठेवा. उद्या टेम्पोवर मोठं करायचं झालं तर तेच लागेल.