टाळेबंदीतील कौटुंबिक हिंसाचार आणि साहाय्य यंत्रणा

कौटुंबिक हिंसाचाराविषयीच्या २०२० सालच्या आकडेवारीत वरकरणी एक विसंगती आढळते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार पती किंवा त्याच्या नातेवाइकांकडून होणाऱ्या क्रूरतेचे २०१९ मध्ये १,२५,२९८ गुन्हे नोंदविले गेले होते. २०२० मध्ये ही संख्या १,११,५४९ पर्यंत घसरली. याउलट राष्ट्रीय महिला आयोगाकडे २७ फेब्रुवारी ते २२ मार्च २०२० या काळात कौटुंबिक हिंसाचाराच्या १२३ तक्रारी आल्या असताना, त्यानंतरच्या २५ दिवसांत त्या २३९ झाल्या. २५ मार्चपासून देशव्यापी टाळेबंदी लागू झाली होती आणि टपालाने येणाऱ्या तक्रारींचा मार्गही जवळपास बंद होता. मग हिंसाचार वाढला की घटला?

दोन्ही आकडे खरे आहेत. ते मोजतात मात्र वेगवेगळ्या गोष्टी. गुन्ह्याची नोंद होण्यासाठी स्त्रीला सामान्यतः पोलीस ठाण्यापर्यंत पोहोचावे लागते. ई-मेल पाठविण्यास घराबाहेर पडावे लागत नाही. २०२१ मध्ये निर्बंध सैल होताच नोंदलेल्या गुन्ह्यांची संख्या १,३६,२३४ वर गेली. त्यामुळे २०२० मधील घट ही हिंसाचारातील घट होती असे मानणे धाडसाचे ठरेल. परीक्षार्थींनी येथे एक पथ्य पाळावे : नोंद झालेले गुन्हे आणि घडलेले गुन्हे यांत गल्लत करू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी कोणाकडे तरी मदत मागितल्याचे आढळले. ७७ टक्के स्त्रियांनी मदत मागितली नाही, की कोणाला सांगितलेही नाही.

टाळेबंदीने धोका का वाढविला, याचे उत्तर अर्थशास्त्रात सापडते. अमर्त्य सेन यांच्या विवेचनानुसार कुटुंबात सहकार्य आणि संघर्ष एकत्र नांदतात आणि घर मोडल्यास ज्याच्या हाती अधिक आधार उरतो त्याचे घरात चालते. माहेर, स्वतःची मजुरी, शेजारीण, कामावरच्या मैत्रिणी हे स्त्रीचे असे आधार होत. वाहतूक थांबली, रोजगार गेला आणि हे सारे एकाच वेळी तुटले. पुरुषाची बेकारी व चिंता मात्र चोवीस तास घरातच कोंडली गेली. एप्रिल ते जून २०२० या काळात सुमारे २० कोटी महिलांच्या जनधन खात्यांत दरमहा ५०० रुपये जमा करण्यात आले. रक्कम लहान, तरी खाते स्त्रीच्या नावे होते, हा तपशील गौण नव्हे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ मध्ये आर्थिक छळाचीही हिंसाचारात गणना केलेली आहे.

हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. त्याचे स्वरूप मुख्यतः दिवाणी आहे. संरक्षण, निवास, आर्थिक साहाय्य, मुलांचा ताबा आणि नुकसानभरपाई यांविषयीचे आदेश दंडाधिकारी देऊ शकतात. पहिली सुनावणी सामान्यतः तीन दिवसांत व्हावी आणि त्यापुढील साठ दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, अशी तरतूद आहे. हिंसाचाराची माहिती सद्भावनेने कोणीही, अगदी शेजाऱ्यानेही, संरक्षण अधिकाऱ्यास देऊ शकतो आणि त्यासाठी त्याच्यावर कोणतेही दायित्व येत नाही. टाळेबंदीत ही तरतूद विशेष मोलाची होती. दुर्दैवाने ती फारशी कोणास ठाऊक नव्हती.

साहाय्य सेवांपैकी 'सखी' वन स्टॉप सेंटर ही योजना १ एप्रिल २०१५ पासून सुरू आहे. तेथे वैद्यकीय, कायदेविषयक व पोलीस साहाय्य, समुपदेशन आणि तात्पुरता निवारा एकाच ठिकाणी मिळतो. १८१ ही महिला हेल्पलाइन तिला पूरक आहे. दोन्ही आता 'मिशन शक्ती'च्या 'संबल' या उपयोजनेत समाविष्ट आहेत. एप्रिल २०२० मध्ये महिला आयोगाने व्हॉट्सअॅप क्रमांकही उपलब्ध केला. परंतु स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रिया, वर उल्लेखिलेल्या सर्वेक्षणानुसार, ५४ टक्केच होत्या. आणि छळ करणारा त्याच खोलीत बसला असेल तर हाती फोन असूनही बोलणार कसे?

ही अडचण जम्मू आणि काश्मीर उच्च न्यायालयाने नेमकी हेरली. एप्रिल २०२० मध्ये स्वतःहून दखल घेताना त्याने किराणा दुकाने व औषधांची दुकाने यांसारख्या ठिकाणी स्त्रियांना गुपचूप तक्रार करता यावी, असे सुचविले. स्पेनमधील कॅनरी बेटांवर त्याआधीच औषध दुकानात एक ठरावीक सांकेतिक शब्द उच्चारून मदत मागण्याची सोय करण्यात आली होती. टाळेबंदीतही उघडे राहणारे दार कोणते, या प्रश्नापासून दोन्ही ठिकाणी सुरुवात झाली.

कच्चा दुवा राहतो तो मनुष्यबळाचा. संरक्षण अधिकाऱ्याचे काम बहुधा दुसरे पद सांभाळणाऱ्याकडेच अतिरिक्त म्हणून सोपविले जाते. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जिल्हा व तालुका पातळीवर महिला व बालविकास विभागातील अधिकाऱ्यांना संरक्षण अधिकारी म्हणून नामनिर्देशित करण्याचे निर्देश राज्यांना दिले. कायदा अमलात येऊन तेव्हा अठरा वर्षे उलटून गेली होती.