‘सड्यावर आहे काय? नुसता कातळ!’

पवनचक्की किंवा सौर प्रकल्पाचा विषय निघाला की हे ऐकावं लागतंच. बोलणारा बहुधा एप्रिलात सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, गेलेला असतो. एप्रिलात कास पठारावरसुद्धा तापलेला दगडच दिसतो! याच कासवर फुलझाडांच्या सुमारे 850 जातींची नोंद आहे आणि 2012 पासून ते जागतिक वारशात आहे. उन्हाळ्यात या वनस्पती मेलेल्या नसतात. बिया आणि कंद होऊन बोटभर मातीत पडून असतात. पावसाचं पाणी कातळावर पसरलं की गेंद, सीतेची आसवं, मग सोनकी असा फुलांचा क्रम लागतो. सातबाऱ्यावर मात्र या जमिनीची नोंद ‘पोटखराबा’, म्हणजे लागवडीला निरुपयोगी. खराब कोणासाठी?

‘पवनचक्कीच्या पायाला जागा लागते किती?’ थोडीच. घात करतो तो रस्ता. लांबलचक पाती वर न्यायला मुरूम टाकून उंच रस्ता करतात, त्यानं पाण्याची वाट अडते. एका अंगाला डबकं, दुसऱ्या अंगाला कोरडं. फुलं हटली की परागीभवन करणाऱ्या माश्यांचं खाणं गेलं. जमिनीत बिळं करणाऱ्या एकांड्या माश्यांचं तर घरही दाबलं जातं.

पुरावा हवा? साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावरचा अभ्यास 2018 साली ‘नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन’मध्ये आला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीनं कमी, त्यामुळे सरडे जास्त. हे सरडे कीटक खातात. अभ्यास माश्यांचा नव्हता, हे मान्य. पण तिथं ‘काहीच नाही’ तर मग मोजलं काय?

‘पवनचक्क्या पाऊस पळवतात’ हे मात्र साफ खोटं. पाऊस देणारे ढग त्यांच्या कितीतरी वरपर्यंत पसरलेले असतात.

‘माश्या गेल्या तर मधपेट्या ठेवल्या की झालं’ हेही खरं नाही. वांग्याच्या फुलातला पराग थरथरवून काढावा लागतो. ते भुंग्याला जमतं, पेटीतल्या सातेरी मधमाशीला नाही.

‘म्हणजे तुम्ही सौरऊर्जेच्या विरोधात!’ अजिबात नाही. अमेरिकेत मिनेसोटातल्या जुन्या शेतजमिनीवर सौरपट्ट्यांखाली रानफुलं पेरली, तर पाच वर्षांत कीटक तिपटीनं आणि स्थानिक माश्या वीसपटीनं वाढल्या. तिथं आधी पिकाचं रान होतं. सड्यावर फुलं आधीपासूनच आहेत, म्हणून तिथला हिशेब उलटा.

आणि ‘भरपाई म्हणून सड्यावर झाडं लावू’ म्हणणाऱ्यांपुढे तर हात टेकले. कातळ फोडून खड्डे करायचे, बाहेरून माती आणायची आणि उघड्या उन्हात वाढणाऱ्या गेंदावर सावली धरायची. झाडं गावठाणात लावा, पट्ट्या छपरांवर बसवा.