क्रेडिट कार्ड : बक्षीस-गुण आणि ग्राहकसेवा

अर्थशास्त्रज्ञ फिलिप नेल्सन यांनी १९७० मध्ये वस्तूंच्या गुणांचे दोन वर्ग केले : खरेदीपूर्वी पारखता येणारे आणि वापरानंतरच कळणारे. क्रेडिट कार्डासाठी बँक निवडताना हा भेद उपयोगी पडतो. बक्षीस-गुणांचा दर पहिल्या वर्गात मोडतो. तो जाहिरातीतच छापलेला असतो. ग्राहकसेवा दुसऱ्या वर्गातील होय. कार्ड चोरीस गेले किंवा न केलेला खर्च देयकात आला, म्हणजेच तिची कसोटी लागते.

परिणामी मोजता येणाऱ्या लाभास वाजवीपेक्षा अधिक महत्त्व मिळते. वार्षिक खर्च १,००,००० रुपये व बक्षीस शेकडा १ धरल्यास लाभ १,००० रुपयांचा होतो. उलटपक्षी, २०,००० रुपयांची एकच वादग्रस्त नोंद ग्राहकाच्या माथी राहिली, तर २० वर्षांचा लाभ बुडतो.

सेवेची किमान पातळी भारतात नियमांनी ठरते. येणे बाकी नसताना कार्ड बंद करण्याची विनंती कामकाजाच्या ७ दिवसांत न पाळल्यास ग्राहकास प्रतिदिनी ५०० रुपये देण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या निर्देशांद्वारे घातले. त्या पातळीच्या वर मात्र बँकाबँकांत अंतर राहतेच. म्हणून तक्रारनिवारणाची रीत व मुदत प्रथम तपासावी; तीत दोन बँका तुल्यबल ठरल्या, तरच बक्षिसाचा दर निर्णायक मानणे युक्त ठरेल.